नकाशावरची रॅली: हेरिंगबोन, ग्रिड रेषा, स्पॉट हाइट कसं सोडवायचं?

प्रश्न : मधुमालती_लेस्टर

नमस्कार मंडळी. पुण्या-मुंबईकडच्या टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स, म्हणजे वेळ-वेग-अंतराच्या) रॅलींमुळे ट्यूलिप, म्हणजे जंक्शनच्या छोट्या आकृत्या वाचणं, किलोमीटर जुळवणं आणि सरासरी वेग सांभाळणं जमतं. इथल्या म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या बारा गाड्यांच्या रात्रीच्या रॅलीत मात्र अंतरं दिलेलीच नसतात. हातात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा १:५०,०००चा लँडरेंजर नकाशा, शीट १४०, आणि त्यासोबत एक कोड्यासारखा कागद. क्लबने दिलेला नमुना असा आहे :

वर सूचना : "फक्त रंगीत रस्ते धरा. ट्रायँगल लांबच्या बाजूने."

भाग १. डावीकडून उजवीकडे जाणारी एक सरळ रेघ, तिला फुटलेले काटे. क्रमाने : वर एक, खाली एक, वर एक, मग एकाच जागी खाली दोन, मग एकाच जागी वर एक आणि खाली एक.

भाग २. चौरस ५२८४ मधून सुरुवात. ५३, ८५, ५३, ८६, ५२.

भाग ३. (स्पॉट हाइट, म्हणजे नकाशावर ठिपक्याजवळ छापलेल्या उंचीचे आकडे) ११२, १२९, ९८, १२१.

भाग ४. प ५४३½ ८४५ उ.

प्रत्येक भागाचं उत्तर नको, पद्धत हवी आहे. सुरुवात कुठून करायची, आणि नवखे लोक नेमके कुठे चुकतात?

---

उत्तर १ : रोमरवाला

टीएसडीच्या रोडबुकात अंतर, खूण आणि आकृती तिन्ही मिळतात, त्यामुळे एक चुकलं तर दुसरं सावरून घेतं. नकाशाच्या रॅलीत प्रत्येक प्रकार एकाच जातीची माहिती देतो आणि बाकी सगळी गाळतो. हेरिंगबोन फक्त सोडलेले रस्ते सांगते. ग्रिड रेषा फक्त ओलांडलेल्या रेषा सांगतात. गाळलेलं नकाशातून भरून काढणं हेच नॅव्हिगेटरचं काम. म्हणून कागद हातात आला की आधी दोन गोष्टी विचारा. यात रस्त्यावरच्या *सगळ्या* गोष्टी दिल्यात की काही निवडक? आणि पांढरे, म्हणजे नकाशावर रंग न भरलेले रस्ते धरायचे की नाही? तुमच्या कागदावर दुसऱ्याचं उत्तर छापलेलं आहे. पहिल्याचं क्लबच्या नियमावलीत सापडेल. तिथेही नसेल तर सुरुवातीलाच मार्शलला, म्हणजे आयोजकांच्या माणसाला विचारून घ्या.

आता भाग १. हेरिंगबोन म्हणजे तुमचा सगळा वळणावळणाचा रस्ता ताणून सरळ केलेला. मधली रेघ म्हणजे तुम्ही. काटा म्हणजे तुम्ही *न घेतलेला* रस्ता. रेघ डावीकडून उजवीकडे जात असेल तर वरचा काटा तुमच्या डाव्या हाताला आणि खालचा उजव्या हाताला. काही क्लब रेघ खालून वर काढतात, तेव्हा डावं-उजवं दिसतं तसंच घ्यायचं. दोन काट्यांमधल्या अंतराला काहीच अर्थ नाही. अर्ध्या मैलावरचा फाटा आणि तीन मैलांवरचा फाटा शेजारी शेजारी काढलेले असू शकतात.

नवख्यांची हमखास चूक अशी : डावीकडे काटा दिसला की ते नकाशावर "डावीकडे फाटा असलेला सरळ रस्ता" शोधत बसतात. जंक्शनचा आकार हेरिंगबोनमध्ये नसतोच. तिठ्यावर तुमच्यापुढे दोन वाटा असतात, एक तुलनेने डावी, एक उजवी. डावा काटा म्हणजे डावी सोडून उजवी घ्या. ती उजवी कदाचित काटकोनात वळत असेल, कदाचित सरळ पुढे जात असेल आणि सोडलेली डावीकडे फुटत असेल. दोन्हींची खूण तीच. चौफुलीवर पुढे तीन वाटा : डावीकडे दोन काटे म्हणजे सर्वांत उजवी, दोन्हीकडे एकेक म्हणजे मधली, उजवीकडे दोन म्हणजे सर्वांत डावी.

म्हणजे तुमचा "खाली दोन" हा चौफुलीवर डावीकडे जा असा आदेश झाला, आणि "वर एक, खाली एक" म्हणजे पुढच्या चौफुलीवर मधली वाट, बहुधा सरळ.

पहिले तीन काटे बघा : डावा, उजवा, डावा. एरवी हे तीन सुटे तिठे असू शकतात, पण वर "ट्रायँगल लांबच्या बाजूने" लिहिलंय, म्हणून नकाशावर आधी त्रिकोणी जंक्शन शोधा. समजा तुम्ही दक्षिणेकडून येताय, पुढे आडवा मोठा रस्ता आहे, आणि तुमचा रस्ता त्याला मिळण्याआधी दोन फाट्यांत फुटतो. तुम्हाला जायचंय पश्चिमेला. जवळची वाट म्हणजे डावा फाटा. लांबच्या बाजूने जायचं तर उजवा फाटा घ्या (डावा काटा), आडव्या रस्त्यावर डावीकडे वळा (उजवा काटा), आणि मघाशी सोडलेल्या फाट्याचं दुसरं टोक डाव्या हाताला ठेवून पुढे जा (डावा काटा). डावा-उजवा-डावा म्हणजे त्रिकोण डाव्या हाताला ठेवून वळसा. उजवा-डावा-उजवा असेल तर त्रिकोण उजव्या हाताला. जवळच्या बाजूने वळला असता तर दोनच काटे दिसले असते, दोन्ही उजवे. कोड बोर्ड (रस्त्याकडेची अक्षराची पाटी) बहुतेक वेळा या लांबच्या बाजूवरच लावलेला असतो, त्यामुळे शॉर्टकट घेणारा लगेच पकडला जातो.

अजून एक. १:५०,००० वर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. थोडे सरकलेले दोन तिठे नकाशावर चौफुलीसारखे दिसतात. हेरिंगबोन जुळता जुळता एका काट्याने अडली तर मागच्या चौफुल्या भिंगाखाली परत बघा.

---

उत्तर २ : उभी_आडवी

भाग २ आणि ४ सांगते. हे दोन प्रकार एकदा समजले की सगळ्यांत कमी चुका यांतच होतात.

चौरसाला नाव त्याच्या नैर्ऋत्य, म्हणजे डाव्या-खालच्या कोपऱ्याचं. आधी उभ्या रेषेचा आकडा, मग आडव्या रेषेचा. चौरस ५२८४ ला पश्चिमेला रेषा ५२, पूर्वेला ५३, दक्षिणेला ८४, उत्तरेला ८५. चार बाजू, चार वेगळे आकडे. म्हणून पुढचा आकडा वाचला की कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते ठरलेलं असतं. तुमची यादी चौरसांत बदलली तर :

५३ ओलांडली की ५३८४. ८५ ओलांडली की ५३८५. परत ५३, म्हणजे पश्चिमेकडे उलटे ५२८५ मध्ये. ८६ ने ५२८६. ५२ ने ५१८६.

हे सहा चौरस समासात लिहा आणि मगच रस्ते बघा. एका चौरसातून पुढच्यात जाणारे रंगीत रस्ते बहुधा एक-दोनच असतात. एखाद्या चौरसात दोन पर्याय उरले तर पुढचा चौरस त्यातला एक कापून टाकतो.

यादीत आकडा लागोपाठ दोनदा आला, उदाहरणार्थ "५३ ५३", तर छपाईची चूक समजू नका. रस्ता रेषेपलीकडे जाऊन परत आलेला आहे. कधी कधी तो वळसा नकाशावर मिलिमीटरभरच असतो, आणि नेमका तोच रस्ता ओळखायची खूण ठरतो. रस्ता बरोबर रेषांच्या छेदावरून गेला तर दोन्ही आकडे येतात, क्रम कोणताही. आणि रस्ता रेषेवरूनच धावत असेल तर तो ओलांडला की नुसता स्पर्श झाला यावर वाद होतात. चांगले आयोजक असे रस्ते टाळतात.

शीट १४० चा एक मोठा फायदा. या शीटवर उभ्या रेषांचे आकडे ३० पासून ७० पर्यंत आहेत, आणि आडव्यांचे ७१ पासून ९९ पर्यंत जाऊन मग परत ००, ०१ असे सुरू होतात, कारण लेस्टरच्या थोडं दक्षिणेला शंभर किलोमीटरच्या चौरसांची हद्द जाते. त्यामुळे ४७ दिसला की ती उभीच, ९३ दिसला की ती आडवीच. दुसऱ्या बऱ्याच शीटवर दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळतात आणि तिथे हेच कोडं दुप्पट अवघड होतं. फक्त एक सांभाळा : ९९ नंतर ०० आलं की आपण उत्तरेलाच चाललोय. घाईत लोक ०० शोधायला शीटच्या खालच्या टोकाला जातात.

आता "प ५४३½ ८४५ उ". ५४ ची उभी रेषा घ्या, तिच्या उजवीकडे साडेतीन दशांश. किलोमीटर म्हणजे नकाशावर २ सेंटिमीटर, म्हणून एक दशांश म्हणजे २ मिलिमीटर. साडेतीन दशांश म्हणजे ७ मिलिमीटर. मग ८४ ची आडवी रेषा आणि तिच्या वर पाच दशांश, १० मिलिमीटर. १:५०,०००चा रोमर, म्हणजे कोपऱ्यात मापं असलेली ती प्लॅस्टिकची पट्टी, ठेवली की मोजायची गरज नाही. रोमरवर दुसऱ्या प्रमाणाचे कोपरेही असतात. १:२५,०००चा कोपरा चुकून लागला तर बिंदू भलतीकडेच पडतो.

आधीची दिशा ही *जिकडून यायचं* ती, नंतरची *जिकडे जायचं* ती. "प" म्हणजे पश्चिमेकडून या, त्या क्षणी गाडीचं तोंड पूर्वेला असणार. हे उलटं धरलं की त्या जंक्शनवर पोचण्याचा सगळा रस्ताच बदलतो, आणि नकाशावर तो तितकाच खराही वाटतो. दिशा ग्रिडच्या उभ्या रेषांवरून घ्या, होकायंत्र लागत नाही.

---

मधुमालती_लेस्टर

फार मोलाचं सांगितलंत दोघांनीही. चौरसांत बदलायची युक्ती लगेच पटली. भाग ३ मध्ये ११२ दोन ठिकाणी सापडतोय, दोन्ही रस्त्यांवर. कोणता धरायचा? आणि चालत्या गाडीत हे सगळं करायचं कसं?

---

उत्तर ३ : कंटूर

पहिल्या आकड्यापासून सुरुवात करायचा हट्ट सोडा. यादीतला सर्वांत वेगळा आकडा पकडा. तुमच्या यादीत तो ९८. आजूबाजूचा भाग शंभर ते एकशे तीस मीटरचा असेल तर ९८ खोलगट जागीच मिळणार, म्हणजे ओढ्याच्या पुलाजवळ नाहीतर दरीत. निळी रेघ जिथे रस्त्याला छेदते तिथे आधी बघा. ९८ मिळाला की तिथून मागे १२९ आणि पुढे १२१ शोधा. मग ११२ चा प्रश्न आपोआप सुटतो : १२९ ला दुसऱ्या स्पॉट हाइटला न शिवता जो ११२ जोडलेला आहे, तोच तुमचा.

इथेच "सगळे की काही" हा प्रश्न निर्णायक होतो. सगळे दिले असतील तर न दिलेली स्पॉट हाइट असलेला प्रत्येक रस्ता तुमच्यासाठी बंद. हे बंद रस्ते शोधण्यात खरी मदत आहे. स्पॉट हाइटच्या भागात मी म्हणेन की आधी बंद रस्त्यांवर पेन्सिलीने बारीक आडवी रेघ मारा, उरलेलं जाळं अर्ध्याहून कमी होतं.

आकडे ओळखताना घोळ होतो तो असा. स्पॉट हाइट काळ्या ठिपक्यासोबत काळ्या आकड्यात, मीटरमध्ये. ठिपका रस्त्यावर असला पाहिजे. आकडा कुठल्याही बाजूला छापलेला असतो, कधी शेजारच्या रस्त्याच्या जास्त जवळ. कंटूरचे, म्हणजे समान उंचीच्या रेषांचे आकडे तपकिरी-नारिंगी, आणि लँडरेंजरवर कंटूर दर १० मीटरला असल्यामुळे ते नेहमी दहाच्या पटीत. म्हणून यादीत १२० किंवा ११० आला तर जास्त काळजी घ्या, आकडा कोणत्या रंगात छापलाय ते बघा. कंटूरच्या आकड्याचं डोकं चढाच्या बाजूला असतं, हेही लक्षात ठेवा : त्यावरून कोणती बाजू उंच ते एका नजरेत कळतं. चढ तीव्र असलेल्या रस्त्यावर बाण असतात, एक बाण १४ ते २० टक्के, दोन बाण २० टक्क्यांच्या वर, आणि बाणाचं टोक उताराकडे. काही आयोजक बाणांचीच यादी देतात.

शेताच्या मधोमध निळा त्रिकोण आणि उंची दिसेल, तो सर्व्हेचा खांब. तो रस्त्यावर नाही, सोडून द्या.

---

उत्तर ४ : पुढचं_जंक्शन

गाडीतल्या कामाचं सांगतो. तुम्हाला टीएसडीची सवय आहे म्हणून मुद्दाम सांगतो की इथे ट्रिप मीटरकडे बघत बसायचं नाही. तरी अंतराचा एक हिशेब पाठ असू द्या. या रॅलींत सरासरी ताशी ३० मैलांच्या वर ठेवत नाहीत. त्या वेगाने मैलाला २ मिनिटं, नकाशावरच्या एका सेंटिमीटरला साधारण ३७ सेकंद. पुढचा फाटा नकाशावर दोन सेंटिमीटरवर असेल आणि दीड मिनिट झालं तरी आला नाही, तर फाटा मागे राहिला असं समजा.

सामान थोडकं : कडक बोर्ड, २बी पेन्सिली दोन-तीन, मऊ खोडरबर, रोमर, आणि दिवा बसवलेलं भिंग. त्या भिंगाला इथले लोक पोटी म्हणतात. ते सरळ नकाशावर टेकवायचं असतं, त्यामुळे उजेड ड्रायव्हरच्या डोळ्यांवर जात नाही. रेघ रस्त्यावर मारू नका, रस्त्याच्या *शेजारून* मारा. रस्त्यावर मारली की त्याचा रंग आणि ठिपके झाकले जातात, आणि पुढच्या भागात त्याच रस्त्यावरून परत यायचं असेल तर गोंधळ उडतो.

क्रम असा ठेवा. कागद मिळाला की शेवटच्या कंट्रोलची, म्हणजे वेळ नोंदवायच्या ठिकाणाची जागा दिलीय का बघा. दिली असेल तर दोन्ही टोकांकडून सोडवा. हेरिंगबोन शेवटाकडून सोडवताना क्रम उलटा होतो आणि डावं-उजवंही बदलतं. हे विसरून चुकीचा रस्ता शोधणारे पुष्कळ. मग पहिली तीन जंक्शन पक्की झाली की ड्रायव्हरला "निघा" म्हणा आणि उरलेलं चालत्या गाडीत. ड्रायव्हरला नेहमी पुढची दोन जंक्शन सांगा : "तिठा, उजवीकडे. त्यानंतर लगेच डावा फाटा." एकच सांगितलं तर प्रत्येक वळणानंतर गाडी रेंगाळते.

रस्त्याकडेला कोड बोर्ड, म्हणजे अक्षरांच्या पाट्या असतात. दिसलेलं अक्षर त्याच क्षणी टाइम कार्डावर पेनाने. बराच वेळ एकही पाटी नाही, दुसरी गाडी नाही, मार्शल नाही, तर रस्ता सुटल्याचा संशय घ्या. शेवटच्या खात्रीच्या जागी परत जा. पुढे जाऊन कुठेतरी रस्ता मिळेल या आशेवर जाऊ नका, त्यात मधले कोड बोर्ड जातात. साध्या नियमानुसार एक चुकलेला बोर्ड काही मिनिटांच्या उशिरापेक्षा महाग पडतो. कंट्रोलला लवकर पोचणंही परवडत नाही, आणि शांत वस्तीतून जाताना इंजिनाचा आवाज, मोठे दिवे यांचे नियम असतात. ते नियम नाव नोंदवतानाच वाचून घ्या.

---

उत्तर ५ : उभी_आडवी

वरच्या उत्तरातल्या एका गोष्टीबद्दल माझं मत वेगळं आहे. पहिली तीन जंक्शन सोडवून निघायचं हे हेरिंगबोन आणि ट्यूलिपला ठीक. ग्रिड रेषा आणि स्पॉट हाइटमध्ये मात्र अख्खा भाग सोडवल्याशिवाय निघू नये. तिथे पहिल्या तीन आकड्यांना दोन रस्ते बसतात आणि चौथा आकडा त्यातला एक बाद करतो. दोन मिनिटं थांबून सगळा भाग सोडवला तर ती दोन मिनिटं पुढे भरून निघतात. चुकीच्या रस्त्यावर मैलभर जाऊन परत आलात तर चार गेलीच.

---

उत्तर ६ : रोमरवाला

हे बरोबर आहे. प्रकार बघून ठरवावं.

मधुमालतीताई, ट्यूलिप येतं म्हणालात म्हणून एक इशारा. टीएसडीत आकृती नेहमी खालून सुरू होते, गोळा खाली, बाण जिकडे जायचं तिकडे. इथे तसं गृहीत धरू नका. काही कागदांवर सगळी ट्यूलिप उत्तर वर ठेवून काढलेली असतात, मग गोळा कुठेही येतो. काहींवर गोळा आणि बाण दोन्ही गायब, नुसता जंक्शनचा सांगाडा. अशा वेळी सांगाड्यात चार-पाच रस्त्यांचं एखादं विचित्र जंक्शन शोधा, नकाशावर ते ओळखा आणि तिथून दोन्ही बाजूंना जा. कंटूर यांनी ९८ साठी सांगितली तीच रीत.

आणि नकाशाची आवृत्ती. आयोजकाची आणि तुमची एकच हवी. नवा बायपास झाला की जंक्शन वाढतात आणि हेरिंगबोनमधला एक काटा जास्त किंवा कमी पडतो.

---

प्रश्न : सिन्नरकर

मध्येच विचारतोय. असा सराव महाराष्ट्रात करता येईल का?

---

उत्तर ७ : कंटूर

येईल, थोड्या फरकाने. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ओपन सिरीज शीटही १:५०,००० प्रमाणाच्याच आहेत, म्हणून २ सेंटिमीटरला किलोमीटर हा हिशेब तसाच चालतो. शीट १५ मिनिटं अक्षांश गुणिले १५ मिनिटं रेखांश अशी कापलेली असते आणि कंटूर साधारण २० मीटरचे, म्हणजे उंचीचं चित्र लँडरेंजरइतकं बारीक मिळत नाही. घाटमाथ्यावर त्याने फारसं अडत नाही, सपाट भागात अडतं.

सरावाला गाडी लागत नाही. शीटवर वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता मनाशी ठरवा, त्याची हेरिंगबोन स्वतः काढा, तोच रस्ता ग्रिड रेषांत लिहा, आणि दोन्ही कागद दुसऱ्याला सोडवायला द्या. त्याने वेगळाच रस्ता काढला आणि तोही सगळ्या आकड्यांत बसला, तर तुमच्या कागदात काय गाळलं गेलंय ते लगेच दिसेल. शीटवरचे रस्ते जमिनीवर बदललेले असतात. म्हणून घराबाहेर पडून पडताळणार असाल तर दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, आणि मागे गाडी नसताना थांबून बघा.